बंद करतानाचा धप्प

आक्का, तुमचा पहिला ॲम्प्लिफायर मी जाळला. ट्रान्झिस्टर हलके लागले नव्हते, दुकानदारानं फसवलं नव्हतं आणि तुमची सर्किटची आकृतीही चुकली नव्हती. तुमच्या धाकट्या भावाची दोन महिन्यांची नवरी, डोक्यावर पदर आणि डोक्यात काही नाही, अशी मी होते. मी जाळला.

तुम्ही जाऊन आज बावीस दिवस झाले. सत्तेचाळीस वर्षं हे वाक्य माझ्या घशात होतं आणि ते बाहेर काढायला तुम्ही घरातून जायची वाट बघत बसले, म्हणजे माझं धाडस केवढं ते बघा. शाळेतल्या तुमच्या जुन्या मुली तुमच्या आठवणींचं छोटंसं पुस्तक काढतायत. परवा दोघी घरी आल्या आणि ‘काकू, दोन पानं तुम्ही पण द्या’ म्हणून सांगून गेल्या. मुली कसल्या, एकीला सून आलीय. तुमचं शिक्षण, नोकरी, प्रयोगशाळेसाठी हेडमास्तरांशी घातलेले वाद, हे त्या लिहितील. मी फक्त त्या डब्याचं लिहिणार. आणि आक्का, आज मला फार हलकं वाटतंय. का, ते शेवटी सांगते, मधेच विचारू नका.

मी कुरुंदवाडची. आमच्या घरी रेडिओ होता. तो बंद केला की बंद व्हायचा, त्यात विशेष काही नव्हतं. लग्न होऊन मंगळवार पेठेत आले तर इथं पुढच्या खोलीत टेबलावर पत्र्याचा डबा, त्यात तुम्ही हातानं जोडलेली यंत्रणा, त्याला टेप जोडलेला आणि दोन लाकडी खोकी, त्यांतून गाणं. गाणं सुरेख यायचं. पण तुम्ही बटण बंद केलं की क्षणभर शांतता आणि मग धप्प. कुणीतरी माळ्यावरून पोतं टाकल्यासारखं. पहिल्या दिवशी माझ्या हातात ताकाचं पातेलं होतं. ते सगळं अंगावर. सासूबाई पदराआड हसल्या. “भिऊ नगंस. आक्काचं यंत्र हाय ते. जाताना पाय आपटून जातंय.”

मी तुम्हाला विचारलं, “हे का वाजतंय?” तुम्ही मुलींना शिकवायच्या तशा मांडी घालून बसलात. बटण बंद केलं तरी आतला मोठा कपॅसिटर, म्हणजे विजेचा साठा, भरलेलाच असतो, तो हळूहळू रिकामा होतो, म्हणालात. “ताक घुसळताना दोरीची दोन टोकं दोन हातांत असत्यात. दोन्ही एकदम सोडली तर रवी जागंवर ऱ्हाईल. पण सुटताना एक आधी सुटतंय, मग रवी कलंडून पातेल्यावर आपटती. तसा स्पीकरचा पडदा आपटतोय.” मी मान डोलवली. कळलं काहीच नव्हतं. माझं सगळं लक्ष सांडलेल्या ताकाकडे. दुसऱ्या दिवशी धप्प झाल्यावर पुन्हा विचारलं. तुम्ही पुन्हा सांगितलंत. तुमच्या भावाला वाटायचं, आम्हा दोघींचं हे काहीतरी ठरलेलं आहे.

आता तो शनिवार.

रविवारी चंदगडहून पाहुणे येणार होते, तुम्हाला बघायला. मुलगा सरकारी खात्यात, गाण्याचा शौकीन. तुम्ही एकोणतीस वर्षांच्या झाला होतात. ही गोष्ट सासूबाई हळू आवाजात बोलायच्या आणि गल्ली मोठ्या आवाजात. तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून जाहीर करून टाकलं होतं की कांदेपोहे शालन करेल, मी त्यांना गाणं ऐकवणार. सासूबाईंनी देवापुढं हात जोडले. मला मात्र वेगळीच काळजी. गाणं होईल, पाहुणे खूश होतील, तुम्ही बटण बंद कराल आणि धप्प. मुलाची आई हातातली बशी सोडेल. लग्न तिथंच मोडेल.

दोन खोकी होती ना? एक पुढच्या खोलीत कपाटावर आणि दुसरं स्वयंपाकघराच्या दाराशी, बरोबर माझ्या कानाजवळ. माझा ठाम समज असा, की गाणं पुढचं खोकं गातं आणि धप्प दाराजवळचं करतं. कारण धप्प मला तिथून ऐकू यायचा. अकरावी नापास मुलीचं शास्त्र एवढंच असतं. तुम्ही शाळेत होतात. मी दाराजवळच्या खोक्यामागचे दोन स्क्रू ढिले केले आणि त्याच्या दोन्ही वायरी काढल्या. इथपर्यंत केलं असतं आणि थांबले असते तरी काही बिघडलं नसतं.

पण त्या वायरींची टोकं उघडी, तांब्याचे केस विस्कटलेले, लोंबकळत होती. आमच्या आईनं आम्हा बहिणींना कधी सुटं टोक ठेवू दिलं नाही. दर सोमवारी पाटावर बसवून शंभर वाती वळायला लावायची, केस निघालेली वात दिसली की उलगडून परत. हाताला सवयच ती. मी दोन्ही टोकं तळहातावर घेतली, थोडी थुंकी लावली आणि दोन्हींची मिळून एक झकास वात वळली. घट्ट, टोकदार, एक केस बाहेर नाही. खरं सांगू, मला तिचा अभिमान वाटला. ती खोक्यामागं ठेवली आणि भाजी निवडायला बसले. ती दोन टोकं एकमेकांना टेकली की डबा जळतो, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं.

तुम्ही आलात, पाय धुतलेत, टेप लावलात. आवाज नाही. तुम्ही बटण फिरवलंत. आवाज नाही. आणखी फिरवलंत. मग खोबरं करपल्यासारखा वास आला आणि डब्याच्या भोकांतून निळसर धूर. तुम्ही भिंतीतून पिन उपटलीत आणि स्क्रूड्रायव्हर आणायला आत गेलात. तेवढ्या वेळात मी ती वात उलगडली, दोन्ही वायरी होत्या तिथं अडकवल्या, स्क्रू आवळले आणि परत भाजीपाशी. ज्या मुलीला भाकरी तव्यावर टाकायला तीन वेळा श्वास घ्यावा लागायचा, तिनं हे एवढ्यात केलं. लबाडी करताना माणूस केवढा हुशार होतो.

डबा उघडून तुम्ही बघत राहिलात. “दोन्ही ट्रान्झिस्टर गेलं. आकृतीतच कायतरी चुकलंय माझं.” तुमचा चेहरा तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. तेव्हाच बोलायचं होतं. मी म्हटलं, “चहा टाकू?”

रविवारी सकाळी तुम्ही रेडिओच्या सामानवाल्याला त्याच्या घरी जाऊन उठवलंत, दोन ट्रान्झिस्टर आणलेत आणि नवी साडी नेसून सोल्डरिंगचे डाग मारायला बसलात. पाहुणे दहाला यायचे ते साडेआठलाच दारात, त्यांना आधीची यष्टी मिळाली. तुमची बोटं काळी, पदराला सोल्डरिंग गनचं भोक पडलेलं, केसांत राळेचा वास. तुम्ही उठलाही नाहीत. “बसा पावणं. दोनच डाग ऱ्हायल्यात,” म्हणालात. मुलाचे वडील खाकरले. सासूबाईंनी डोळे मिटले.

गाणं मात्र लागलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, मुलानंही. मग तुम्ही बटण बंद केलंत. धप्प. मुलाच्या आईनं बशी सोडली. चहा तिच्या लुगड्यावर, मुलाच्या पँटवर आणि त्यांनीच आणलेल्या काजूंच्या पिशवीवर. मुलगा उठून पँट झाडत म्हणाला, “पाणी मिळेल का?” मी पाणी दिलं. जाताना ‘कळवतो’ म्हणाले.

आठ दिवसांनी तुमचा भाऊ बाहेरून आला आणि सासूबाईंना म्हणाला, “चंदगडचं जमत न्हाई.” सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “काळी बोटं बघून गेली माणसं.” तुम्ही जेवत होतात. वाटी पुढं केलीत आणि म्हणालात, “शालन, आमटी घाल.” मी वाढली. अर्धी ताटात सांडली. तुम्हाला वाटलं, वाटी गरम आहे.

त्यानंतर आणखी दोन ठिकाणं आली, जमली नाहीत. मग येईनाशी झाली. तुम्ही कधी एका शब्दानं काही बोलला नाहीत. बोलला असतात तर मी बोलले असते. ही माझी सबब, सत्तेचाळीस वर्षं जपून ठेवलेली. माझा हिशेब सरळ होता: मी वायर वळली नसती तर डबा जळला नसता, डबा जळला नसता तर तुम्ही नीट नटून बसला असतात, आणि आज चंदगडात तुमची नातवंडं काजू फोडत असती. एका बाईचा संसार मी तळहातावर वळून टाकला. ही गोष्ट घेऊन मी रोज तुमच्यासमोर ताटं मांडत होते.

मग मी काय केलं, तर प्रायश्चित्त. तव्यावरची पहिली भाकरी तुम्हाला. सायीचा वरचा पदर तुम्हाला. यष्टीत खिडकी तुम्हाला. पोरं झाली तेव्हा त्यांना आधी ‘आत्या’ म्हणायला शिकवलं, ‘आई’ नंतर. एकदा जोतिबाला जाताना तुम्ही म्हणालात, “शालन, तू माझ्याशी एवढी चांगली का गं वागतीस? मला संशय येतोय.” मी खिडकीबाहेर बघितलं. म्हणजे बघायचा प्रयत्न केला, खिडकीत तुम्ही होतात.

एकाच गोष्टीत मी तुम्हाला कधी जिंकू दिलं नाही. माझं म्हणणं असं, की बंद करायच्या आधी आवाज बारीक करा, म्हणजे धप्पही बारीक होईल. तुम्ही म्हणायच्या, आवाजाच्या बटणाचा त्याच्याशी संबंध नाही, धक्का त्या बटणाच्या पुढं तयार होतो. मी म्हणायचे, करून तर बघा. तुम्ही करून दाखवायच्या. धप्प तेवढाच. मी म्हणायचे, थोडा कमी होता. तुमचे कान लाल व्हायचे. हा वाद आपण डबे बदलले तरी बदलला नाही. तुम्ही बटणाला छोटा कपॅसिटर लावलात, बटणाची कट्ट गेली, धप्प राहिला. रिटायर झाल्यावर नवीन पद्धतीचा डबा बांधलात, गाणं आरशासारखं स्वच्छ झालं, धप्प राहिला. “हा माझ्यासंगंच जायचा,” म्हणालात. मी म्हटलं, “आवाज बारीक करा.”

मागच्या दिवाळीनंतर तुमच्या बोटांना कंप आला. सोल्डरिंग गन हातात धरली की तिचं टोक टेबलभर फिरायचं. तुम्ही ती ठेवून दिलीत आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी मला हाक मारलीत. “तुझं हात थरथरत न्हाईत. बस हितं. मी सांगतो तसं कर.” साठी उलटून किती वर्षं झाली, आणि मी चष्म्यावर चष्मा लावून पहिला डाग मारला. गोळा आला, कोथिंबीर-वडीएवढा. तुम्ही म्हणालात, “हे डाग न्हवं, गळू हाय. काढ.”

तुम्ही एक रिले आणवला होता. मला समजावलंत, स्पीकरच्या वाटेवर हे छोटं दार. बटण बंद केलं की दार आधी बंद व्हायला पाहिजे, म्हणजे मागून धक्का आला तरी स्पीकरपर्यंत पोचणार नाही. तीन दुपारी खपून मी तो बसवला. बोट दोनदा भाजलं. चालू केलं, गाणं लागलं, बंद केलं. धप्प. आणि मग, सगळं झाल्यावर, टिक. रिले उशिरा जागा झाला. तुम्ही कपाळाला हात लावलात.

मी डब्यात बघत बसले. इतक्या वर्षांत प्रथमच मला त्या वायरी वायरी दिसत होत्या. मी म्हटलं, “आक्का, हा रिले पाणी कुठलं पितो?”

“म्हंजे?”

“म्हणजे त्याला वीज त्याच मोठ्या कपॅसिटरमधून दिलीय ना आपण? मग माठ रिकामा होईपर्यंत तो कशाला जागचा हलेल? त्याला निराळा गडू द्या. छोटा. लगेच संपणारा.”

तुम्ही डबा ओढून घेतलात आणि रिलेची वायर कुठं जाते ते बोटानं तपासलंत. मग म्हणालात, “शालन, तू अकरावीला नापास कशी झालीस गं?”

“गणितात.”

“मास्तर नापास व्हता तो.”

ट्रान्सफॉर्मरपासून रिलेला स्वतंत्र वाट काढली, एक डायोड आणि करंगळीच्या नखाएवढा कपॅसिटर. बंद केलं. टिक. आपण दोघी थांबलो. काही नाही. बाहेर कुणाची तरी स्कूटर गेली तेवढीच. तुम्ही परत चालू केलंत, परत बंद केलंत. टिक. अकरा वेळा केलंत, मी मोजलं. बाराव्या वेळी तुम्ही हात मांडीवर ठेवलात आणि म्हणालात, “पहिला डबा का जळला व्हता ते तेवढं कळलं न्हाई कधी.”

त्या क्षणी, आक्का. खोलीत आपण दोघीच, माझ्या हातात गरम सोल्डरिंग गन, तुम्ही खुशीत. याहून चांगली वेळ कुणाला मिळते? मी तोंड उघडलं. आणि म्हटलं, “चहा टाकू?”

तुम्ही म्हणालात, “टाक.”

त्यानंतर पाच आठवडे तुम्ही होतात. शेवटचे तीन दिवस दवाखान्यात. डॉक्टरांनी नळ्यांचं विचारलं तेव्हा तुम्ही हातानंच ‘नको’ केलंत, वर्गात मुलींना गप्प करायच्या तसं. चौथ्या दिवशी सकाळी गेलात. लोक म्हणाले, शालनताईंच्या डोळ्याला पाणी नाही. खरं होतं ते. रडू नंतर आलं, घरी, तव्यावर पहिली भाकरी टाकल्यावर ती कुणाला वाढायची ते कळेना तेव्हा. पण दवाखान्यात आधी सुटल्यासारखं वाटलं. तुम्हाला दुखलं नाही, तुम्ही कुणाच्या हाताकडं बघत पडून राहिला नाहीत, जे राहिलं होतं ते पुरं करून गेलात. असं वाटणं चांगलं की वाईट, मला ठाऊक नाही. तुम्ही असतात तर दोरीचं आणि रवीचं काहीतरी सांगितलं असतं.

डबा रोज संध्याकाळी मीच लावते. तुमचा भाऊ शेजारी बसतो. बंद करताना मी आधी आवाज बारीक करते. गरज नाही, माहीत आहे. वाद सोडायचा नाही म्हणून.

काल दुपारी हे लिहायला बसले. पहिलं वाक्य कागदावर आलं आणि मला घाबरायला झालं. पुस्तकात छापून यायचं आणि घरच्या माणसाला माहीत नाही, हे काही बरं नाही. म्हणून पुढच्या खोलीत गेले. तुमचे बाळू, म्हणजे आमचे हे, पेपर वाचत होते. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. दोन स्क्रू, वायरी, धूर, भाजी, सगळं. मला वाटलं, आता हे रागावतील. सख्खी बहीण त्यांची.

त्यांनी पेपरची घडी केली.

“वायरीची वात वळलीस?”

“व्हय.”

“थुंकी लावून?”

“व्हय म्हटलं ना.”

“आन् सत्तेचाळीस वर्षं मला साय मिळाली न्हाई, ती ह्यापायी?”

“माझ्यामुळं त्यांचं लग्न मोडलं, आणि तुम्हाला सायीचं सुचतंय?” मी म्हटलं. तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसत बसले बराच वेळ. मला वाटलं, डोळे पुसायचं धाडस नाही म्हणून चष्मा पुसतायत. मग जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते.

“तुज्यामुळं काय मोडलं न्हाई. त्यांचा व्हकार आलता. मीच गेलतो यष्टीनं चंदगडला, आक्काचा नकार सांगायला. आईनं घर डोक्यावर घेतलं असतं, म्हणून त्यांच्या नावावर ढकललं. कुणाला सांगायचं न्हाई म्हणून आक्कानं गळ्याची शपथ घातलीती मला. मी म्हटलं तिला, आगं पोरगा बरा हाय की, काय वाईट दिसलं तुला? तर म्हणाली, ‘वाईट काय न्हाई. पण एवढं धप्प झालं, त्यानं पँट झाडली आन् पाणी मागितलं. का वाजलं म्हणून एकदा बी इचारलं न्हाई. आपली शालन येडी हाय, पर रोज इचारती.’”